झोंपलेली सीता आणि जागी सीता

एका वाचकभगिनीनें पत्र पाठवून असें विचारलें आहे कीं, ज्या कथेचा शेवट घरांतल्या लहान मुलालाहि ठाऊक आहे, त्या कथेवरचें नाटक वाचतांना डोळ्यांत पाणी कां उभें राहतें? पुढें काय होणार ही उत्सुकता संपली म्हणजे रसहि संपावयास हवा, असें त्यांच्या थोरल्या दिरांचें मत आहे. आणि या मुद्द्यावरून त्यांच्या घरीं दोन तट पडले आहेत. प्रश्न चांगला आहे. त्याचें उत्तर नुसत्या तत्त्वचर्चेनें देण्यापेक्षां एखादें नाटक समोर ठेवून द्यावें हें बरें, आणि या कामीं भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’सारखें दुसरें नाटक मला तरी आठवत नाहीं. कारण या नाटकाची सारी बांधणीच कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला काय ठाऊक नाहीं, यावर झालेली आहे.

प्रथम परिभाषेचा थोडा उलगडा केला पाहिजे. रंगभूमीवरचें पात्र कांहीं बोलतें. त्या बोलण्याचा एक अर्थ त्याच्या स्वतःच्या मनांत असतो. आणि दुसरा, अधिक खोल व बहुधा अधिक भयंकर असा अर्थ प्रेक्षकाच्या कानांत शिरतो. इंग्रजी टीकाकार याला आयर्नी म्हणतात. मराठींत कोणी त्यासाठीं उपरोध हा शब्द योजतात, पण तो पुरा लागू पडत नाहीं. उपरोध करणाराला आपण काय बोलतों हें पक्कें ठाऊक असतें. येथें तें ठाऊक नसणें हाच मुद्दा आहे. आपल्या शास्त्रकारांच्या दृष्टींतून ही गोष्ट सुटली होती असें मात्र कोणीं समजूं नये. भरताच्या नाट्यशास्त्रांत पताकास्थानक या नांवाखालीं, आणि दहाव्या शतकांतल्या धनंजयाच्या दशरूपकांत गंड या नांवाखालीं तिचा विचार आलेला आहे. गंड म्हणजे फोड. चाललेल्या संभाषणाशीं संबंध जुळेल, पण अर्थ भलताच निघेल असें वाक्य अवचित उमटतें, तो गंड.

भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहारां’तलें या जातीचें उदाहरण पंडितमंडळींच्या फार आवडीचें आहे. दुसऱ्या अंकांत दुर्योधन भानुमतीला आपल्या मांडीवर बसण्याविषयीं आर्जव करीत आहे. इतक्यांत कंचुकी घाबराघुबरा आंत येऊन भंग झाल्याची वर्दी देतो. कोणाकडून, तर भीमाकडून. कोणाचा, तर महाराजांचा! मग कळतें कीं, भीम म्हणजे भयंकर अशा वाऱ्यानें राजाच्या रथाचा ध्वज मोडून पडला आहे. महाभारत जाणणाऱ्या प्रेक्षकाला मात्र तेवढ्या वेळांत त्या मांडीचें पुढें काय होणार हें दिसून गेलेलें असतें. युक्ति चतुर आहे, टाळी घेणारी आहे. पण कंचुकीनें ध्वजाचें नांव आरंभींच कां घेतलें नाहीं, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. कवीची सोय पात्राच्या तोंडांत कोंबलेली दिसते. भवभूतीला अशी ओढाताण करावी लागत नाहीं.

हा कवि मूळचा आपल्या विदर्भांतला. त्यानें स्वतःच पद्मपूर हें आपल्या पूर्वजांचें नगर म्हणून सांगितलें आहे, आणि महामहोपाध्याय मिराशी यांनीं गोंदिया जिल्ह्यांतील आमगांवजवळच्या पदमपूर गांवाशीं त्याचा मेळ घातला आहे. आठव्या शतकाच्या आरंभीं कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला तो होता, असें राजतरंगिणीवरून दिसतें. एवढा परिचय पुरे. आतां नाटकाकडे वळूं.

पहिल्या अंकाच्या आरंभीं अयोध्येच्या राजवाड्यांत वडील माणूस कोणी नाहीं. राज्याभिषेक नुकताच होऊन गेला आहे. जनकराजा मिथिलेला परतला आहे. कौसल्यादि सासवा, वसिष्ठ आणि अरुंधती हीं सर्व मंडळी जांवई ऋष्यशृंग यांच्या बारा वर्षांच्या सत्राला गेलेलीं आहेत. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकाला या मांडणीचें मर्म वेगळें सांगावयास नको. घरांत एखादी सासू किंवा गुरुपत्नी असती तर पुढची गोष्ट अशी आणि इतक्या झटपट घडली असती काय, हा प्रश्न कवीनें न विचारतां विचारून ठेवला आहे. दुसऱ्या अंकांत आपणांस कळतें कीं, सत्र आटोपल्यावर, सून नसलेल्या अयोध्येंत मी पाऊल टाकणार नाहीं असें अरुंधतीनें सांगितलें, आणि सासवांनीं तिलाच दुजोरा दिला.

त्या दूरच्या वडील मंडळींकडून अष्टावक्र निरोप घेऊन येतो. निरोप दोन आहेत. वसिष्ठांचा निरोप रामाला असा, कीं तूं वयानें लहान, राज्य नवें, तेव्हां प्रजेचें मन राखण्यांत तत्पर ऐस. अरुंधती, सासवा आणि शांता यांचा निरोप असा, कीं सीतेला जे डोहाळे होतील ते विनाविलंब पुरवावे. पहिल्या निरोपाला उत्तर देतांना राम अगदीं सहज बोलून जातो कीं, लोकाराधनासाठीं स्नेह, दया, सुख, फार काय जानकीसुद्धां सोडावी लागली तरी मला दुःख होणार नाहीं. जानकी शेजारींच बसलेली आहे. आणि ती काय करते? असें बोलतात म्हणूनच आर्यपुत्र रघुकुलाचे धुरीण आहेत, म्हणून त्याची वाखाणणी करते!

हें स्थळ मी वर्गांत पुष्कळ वेळां शिकविलें आहे. मुलें तेथें थांबत नसत. तीं रामाची राजनिष्ठा टिपून घेत आणि पान उलटीत. एका वर्षीं मागच्या बाकावरच्या एका मुलीनें उठून विचारलें, “गुरुजी, स्नेह, दया आणि सुख हीं तर रामाचीं स्वतःचीं, मग त्याच माळेंत सीता कशी ओंवली?” टीकाकारांचीं पानेंच्या पानें वाचून जें हातीं लागत नाहीं, तें त्या मुलीच्या हातीं लागलें होतें. भवभूतीनें तो शब्द त्या माळेंत शेवटीं घातला आहे, म्हणजे तो सर्वांत जड आहे. आणि उच्चारणाराला मात्र त्याचें वजन अजून कळलेलें नाहीं.

मग लक्ष्मण चित्रपट घेऊन येतो. वनवासाचा सगळा वृत्तांत त्यांत रंगविलेला आहे. कोठपर्यंत, असें विचारतां वहिनीच्या अग्निशुद्धीपर्यंत असें तो सांगतो. आणि राम त्याला तेथेंच अडवून म्हणतो कीं, जी जन्मतःच पवित्र तिला दुसऱ्या कशानें पवित्र करावयाचें? तीर्थाचें पाणी आणि अग्नि यांची शुद्धि कोणी करतो काय? निर्वासनाविरुद्ध उद्यां कोणी वकील उभा राहिला असता तर यापेक्षां वेगळें तो काय बोलणार होता? तें सारें रामानेंच आधीं बोलून ठेवलें आहे. पुढें शूर्पणखेचें चित्र येतांच सीता दचकून, आतां आपलें दर्शन संपलें असें ओरडते. राम हंसून, वियोगाला भिणाऱ्या बायको, हें चित्र आहे, असें तिला समजावतो. भीति खरी होती, धीर खोटा होता. आणि दोघांपैकीं एकालाहि तें ठाऊक नाहीं.

चित्रें पाहतां पाहतां सीतेला डोहाळा होतो. पुन्हां त्या गर्द, शांत वनांतून हिंडावें, भागीरथीच्या पाण्यांत डुंबावें. राम ताबडतोब रथ सज्ज करण्याची आज्ञा देतो. आपणहि याल ना, असें ती विचारते. तेव्हां राम तिलाच कठोर हृदयाची म्हणतो, कारण ही कांहीं विचारावयाची गोष्ट आहे काय! पुढें तोच रथ तिला वनांत नेऊन सोडतो. म्हणजे पाहा, गुरूंचा निरोप आणि सासवांचा निरोप हे दोन्ही एका रथानें पाळले गेले. प्रजेचें मन राखलें गेलें आणि डोहाळाहि पुरविला गेला. नियतीची एवढी निष्ठुर व्यवस्था, आणि ती दाखविण्यासाठीं कवीनें एकहि शब्द ओढूनताणून घातलेला नाहीं.

सीता थकून रामाच्या बाहूवर डोकें ठेवून झोंपते. राम तिच्याकडे पाहत म्हणतो कीं, हिचें सगळेंच मला प्रिय. असह्य असेल तर तो केवळ हिचा विरह. त्याच क्षणीं प्रतिहारी येऊन म्हणते कीं, महाराज, आला. कोण आला? दुर्मुख नांवाचा हेर आला. दशरूपकाच्या टीकेंत गंडाचें उदाहरण म्हणून हेंच स्थळ दिलें आहे. पण कंचुकीच्या त्या चतुर वाक्याशीं हें ताडून पाहावें. येथें श्लेष नाहीं, कोडें नाहीं. कोणी आलें म्हणजे राजवाड्यांतली दासी जें रोज म्हणेल तेंच तिनें म्हटलें आहे. रामाच्या वाक्याचा शेवटचा शब्द आणि तिच्या वाक्याचा पहिला शब्द एकमेकांना चिकटले, एवढेंच.

दुर्मुखानें लोकापवाद सांगितल्यावर निर्णय होतो. त्या वेळीं सीता झोंपलेली आहे. ती त्याच्या हातावर झोंपलेली असतां तिचा निकाल लागतो. तिला विचारलें जात नाहीं, सांगितलेंहि जात नाहीं. राम स्वतःला खाटकाची उपमा देतो. लहानपणापासून घरांत वाढविलेलें पांखरूं खाटकानें सुरीखालीं द्यावें, तसें आपण हिला कपटानें मृत्यूच्या हवालीं करीत आहों असें तो म्हणतो. चंदन समजून हिनें विषवृक्षाला मिठी मारली, असेंहि म्हणतो. उपमा देणाराच येथें आरोपी आहे. म्हणून या उपमा अलंकार राहत नाहींत, त्या कबुलीजबाब होतात. मग तो हळूंच तिच्या डोक्याखालचा आपला हात काढून घेतो. ती जागी होते तों तो गेलेला असतो. त्याच्यावर रुसावयाचें असें ती ठरवते. मात्र त्याला पाहिल्यावर मन ताब्यांत राहिलें तर! इतक्यांत रथ तयार असल्याचें कळतें आणि ती सर्वांना नमस्कार करून आनंदानें निघते. वाचकभगिनीच्या दिरांना माझें सांगणें एवढेंच, कीं येथें पुढचें ठाऊक नसणारा प्रेक्षक रडणार नाहीं. एक गरोदर सून हौसेनें फिरावयास निघाली असेंच त्याला दिसेल. ज्याला शेवट ठाऊक आहे, त्याच्याच डोळ्यांत पाणी येईल.

दुसऱ्या अंकाविषयीं थोडक्यांत लिहितों. बारा वर्षें लोटलीं आहेत आणि शंबूकवधासाठीं राम दंडकारण्यांत येतो. शूद्रानें तप केलें एवढ्याच अपराधासाठीं हा वध. आजच्या वाचकाला तो खटकल्यावांचून राहणार नाहीं, आणि खटकावा हेंच योग्य. मला लक्षांत आणून द्यावयाचें आहे तें दुसरेंच. शस्त्र उचलतांना रामाचा उजवा हात कचरतो, आणि त्या हाताला उद्देशून तो म्हणतो कीं, गर्भभारानें खिन्न झालेल्या सीतेला हांकलून देणाऱ्या रामाचा तूं हात, तुला कसली आली आहे दया! येथें मात्र खराखुरा उपरोध आहे, आणि तो ज्याच्या तोंडून निघाला त्याच्यावरच उलटलेला आहे.

आतां तिसरा अंक. सगळें नाटक हरवून हा एकच अंक उरला असता, तरी भवभूतीचें नांव राहिलें असतें. राम पंचवटींत आलेला आहे. सीता जिवंत आहे; भागीरथीनें तिला आणि तिच्या जुळ्यांना वांचविलें. भागीरथीच्याच प्रभावानें ती आज अदृश्य होऊन, तमसा नदीच्या सोबतीनें, त्याच वनांत आली आहे. रामाला ती दिसत नाहीं. तिला राम दिसतो, त्याचें बोलणें ऐकूं येतें. पहिल्या अंकाशीं ताडून पाहावें. तेथें तो जागा आणि ती झोंपलेली; येथें ती जागी, आणि तो अंधारांत. जिचा निकाल तिच्या झोंपेंत लागला, तिलाच आतां निकाल देणाऱ्याची साक्ष आडून ऐकावयास मिळते. पुनर्मीलन तर पुढें व्हावयाचेंच आहे. पण त्याच्या आधीं तिला हें ऐकावयास मिळालें पाहिजे, असें या कवीला वाटलें, यांतच त्याचें मोठेपण आहे.

शंबूकाला दंड देण्यासाठीं राजा आला आहे असें तमसा सांगते, तेव्हां सीतेचें उत्तर ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्या राजानें राजधर्मांत कसूर केली नाहीं, हें बरें झालें, असें ती म्हणते. ‘तो राजा’! आर्यपुत्र नव्हे. रघुवंशाच्या चौदाव्या सर्गांत कालिदासाच्या सीतेनेंहि निरोप धाडतांना हाच शब्द वापरला आहे. आपल्या घरांतून नवऱ्याला उद्देशून बोलण्याच्या किती तऱ्हा असतात, आणि एखाद्या दिवशीं नेहमींचा शब्द बदलला म्हणजे माजघरांतल्या सर्वांना तो कसा ऐकूं येतो, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका शब्दावर टीका नको. आणि पुढच्याच घटकेला रामाचा खंगलेला चेहरा दिसतांच तिच्या तोंडून पुन्हां आर्यपुत्र हाच शब्द निघतो.

या अंकाच्या आरंभीं मुरला नदीच्या तोंडीं पुटपाकाची उपमा आहे. ज्यांच्या घरीं वैद्यकी होती त्यांना पुटपाक ठाऊक असेल. मातीच्या दोन परळांमध्यें औषध ठेवून, सांधा लिंपून, तें गोंवऱ्यांच्या आगींत पुरतात. बाहेरून कांहीं दिसत नाहीं, आंत मात्र भट्टी चाललेली असते. गांभीर्यामुळें बाहेर न फुटलेला रामाचा शोक असा आहे. पुढें याच अंकांत तमसा तलावाचा दृष्टान्त देते, कीं पाणी फार चढलें म्हणजे सांडवा फोडून तें वाहूं द्यावें लागतें. बहुतेक टीकाकार या दोन उपमा वेगवेगळ्या वाखाणतात. मला त्या एकमेकींचें उत्तर वाटतात. अयोध्येंत बारा वर्षें तोंड लिंपलेला परळ होता. पंचवटींत त्याचा सांडवा फुटला. राम फार रडतो, वारंवार मूर्च्छित पडतो, अशी या नाटकावर तक्रार आहे आणि ती अगदींच खोटी नाहीं. दोन मूर्च्छा कमी असत्या तर मलाहि चाललें असतें. पण राजाला अयोध्येंत रडण्याची सोय नव्हती, हें विसरून ही तक्रार करूं नये.

आणि त्याला रडूं देणारी जी वासंती, ती कांहीं त्याची समजूत घालावयास आलेली नाहीं. ती सीतेची मैत्रीण. ती रामाला, तो सीतेला एकांतांत कोणकोणत्या गोड नांवांनीं संबोधीत असे त्यांची आठवण देते, एकामागून एक. आणि पुढें तिचें काय केलेंस हें सांगण्याची वेळ येतांच वाक्य अर्धेंच सोडून मूर्च्छित पडते. न उच्चारलेलें क्रियापद सगळ्या अंकांत घुमत राहतें. शुद्धीवर आल्यावर ती सरळच विचारते कीं, तुला कीर्ति प्रिय ना? मग याहून मोठी अपकीर्ति कोणती? रामाजवळ उत्तर नाहीं. लोकांना तें सहन होईना, इतकेंच तो म्हणतो. हें सर्व सीता शेजारीं उभी राहून ऐकते, आणि गंमत अशी कीं, वासंती त्याला टोंचते म्हणून तिलाच वासंतीचा राग येतो!

येथें रसाचा एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. शास्त्रकारांचा नियम असा, कीं पुनर्भेटीची आशा उरली असेल तर तो विप्रलंभ शृंगार. ती समूळ तुटली असेल तर करुण. मग या अंकांतला रस कोणता? श्वापदांनीं सीतेला खाल्लें असावें अशीच रामाची समजूत आहे; त्याच्यापुरता हा निखळ करुण. सीतेला तो जिवंत समोर दिसतो, तिच्यापुरता विप्रलंभ. प्रेक्षकाला दोघांचें ठाऊक आहे. एकाच घटकेला, एकाच स्पर्शानें (कारण मूर्च्छित रामाला ती हात लावून सावध करते आणि तो तो हात ओळखतो) दोन रस दोन बाजूंना चालू आहेत, आणि त्यांतला भेद केवळ माहितीचा आहे. करुण हाच एक रस असून पाणी जसें भोंवरा, बुडबुडा, लाट अशीं रूपें घेतें तसा तो निरनिराळा भासतो, असें तमसा म्हणते तें याच अंकाच्या शेवटीं. या उक्तीवरून भवभूतीला दुसरे रस मान्यच नव्हते असा सिद्धान्त कित्येकांनीं काढला आहे. मला तो पटत नाहीं. तिनें जें आतांच डोळ्यांनीं पाहिलें, त्याविषयींच ती बोलते आहे.

अश्वमेधासाठीं पत्नी हवी. ती कोण, या प्रश्नावर रामाच्या तोंडून निघतें कीं, सीतेची सोन्याची प्रतिमा. तें ऐकतांच, त्यागाचें जें शल्य उरांत रुतलें होतें तें आज निघालें, असें सीता म्हणते. तिला पाहिजे असलेलें उत्तर मिळालें, आणि तें आपण दिलें हें देणाराला ठाऊकहि नाहीं.

चौथ्या-पांचव्या अंकांबद्दल आज लिहीत नाहीं. सौधातकीच्या विनोदावर आणि लवाच्या तेजस्वितेवर स्वतंत्र लेख होईल. सहाव्या अंकांत कुश स्वतःच्या बापासमोर बापाच्याच प्रेमाचे श्लोक म्हणून दाखवतो, आणि मुलगा कोण, बाप कोण हें दोघांनाहि ठाऊक नसतें. सातव्यांत वाल्मीकीनें रचलेलें नाटक गंगेच्या कांठीं अप्सरा करून दाखवितात. विषय सीतेचा त्याग आणि तिची प्रसूति. रंगमंचावरची सीता पाहून राम भान विसरून उठतो, आणि लक्ष्मण त्याला आठवण देतो कीं, दादा, हें नाटक आहे. पहिल्या अंकांत रामानें सीतेला, हें चित्र आहे, असें सांगून हंसविलें होतें. तो शब्द आतां त्याच्याकडे परत आला. त्या वेळीं तें खरोखर चित्र होतें, आणि भीति मात्र खरी ठरली. या वेळीं नाटकामागून खरीच सीता येते.

वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडांत सीता पृथ्वीच्या पोटांत जाते, ती परत येत नाहीं. भवभूतीचा प्रेक्षक हें जाणून होता. म्हणून त्याच्यापुढें हा गोड शेवट आला तेव्हां तोहि त्याला दोन अर्थांनीं दिसला असला पाहिजे. अरुंधती सीतेला पुढें आणते, जमलेल्या प्रजेला तिच्याविषयीं विचारते, प्रजा नमस्कार करते. मग ती रामाला सांगते कीं, सोन्याच्या प्रतिमेच्या जागीं आतां हिला धर्मकार्यांत घे. राम ते शब्द शिरसावंद्य करतो. या गडबडींत सीता एकच वाक्य बोलते आणि तें स्वगत आहे. सीतेचें दुःख पुसणें आर्यपुत्रांना जमेल काय, असें ती स्वतःशींच विचारते. शेजारीं उभ्या असलेल्या रामाला तें ऐकूं जात नाहीं.